दवाखान्यातली माहिती एचआरपर्यंत कशी गेली? पूर्ण फाइल कशी मागायची, तक्रार कुठे करायची?

केतकी_बन

बहिणीसाठी विचारते आहे, तिच्या परवानगीने. ती २७ वर्षांची, पुण्यात आयटीत नोकरीला. नैराश्यावरच्या उपचारांसाठी एका खाजगी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखल होती. खर्च कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममधून कॅशलेस झाला. आता ती बरी आहे, कामावरही जाते. अडचण उपचारांची नाही, माहिती कुठून कुठे गेली याची आहे.

एक, रुग्णालय पूर्ण फाइल देत नाही. 'डिस्चार्ज कार्ड दिलंय ना, केस पेपर ही हॉस्पिटलची प्रॉपर्टी' एवढंच उत्तर मिळतं. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला नर्सिंग नोट्स आणि औषधांचा तक्ता हवा आहे.

दोन, रजेच्या अर्जात तिने आजाराचं नाव लिहिलं नव्हतं. तरी एचआरमधल्या एका व्यक्तीने आजाराचं नाव घेऊन विचारपूस केली.

तीन, लॅबचे रिपोर्ट बाबांच्या व्हॉट्सॲपवर येतात, कारण घरातल्या सगळ्यांसाठी तोच नंबर पूर्वीपासून दिलेला. त्यात लिथियमची, म्हणजे मानसोपचारातल्या एका औषधाची, पातळी असते, म्हणजे न सांगताच सगळं सांगून झालं.

चार, घरात स्थळं बघणं चालू आहे. एका स्थळाकडच्या नातेवाइकाची त्या रुग्णालयात ओळख आहे आणि 'आम्ही आमच्या पद्धतीने चौकशी करू' असं ते बोलून गेले.

शिवाय दाखल होताना काउंटरवर आभा क्रमांकही (सरकारी डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) घेतला होता. त्यातून आणखी कोणाला काय दिसतं?

कोणता कायदा लागू होतो आणि कागद कोणाच्या हातात द्यायचा, एवढं हवं आहे. 'बदनामी होईल, सोडून द्या' हा सल्ला घरात मिळून झालाय, तो नको.

---

नोंदकक्ष

पहिल्या मुद्द्याचं सांगतो, कारण रुग्णालयाचा नोंद विभाग हेच माझं क्षेत्र.

'फाइल हॉस्पिटलची प्रॉपर्टी' हे अर्धसत्य आहे. मूळ कागद रुग्णालयाने सांभाळायचे असतात, पण त्यांच्या प्रती मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात हे स्पष्ट केलं. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहिता विनियमांतलं कलम १.३.२ सांगतं की रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केली की तिची पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान ३ वर्षं ठेवायच्या असतात. कलम ७.२ नुसार नोंदी न ठेवणं आणि मागूनही न देणं हे गैरवर्तन ठरतं. २०२३ मध्ये नवे विनियम आले होते, पण त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळे २००२ चेच चालू आहेत.

आता गंमत अशी की ७२ तास अर्जाच्या पोचेपासून मोजतात, आणि तुमच्याकडे बहुधा पोचच नसेल. तोंडी मागणीला नोंद विभागात काही किंमत नसते. अर्ज दोन प्रतींत करा आणि वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने द्या, रिसेप्शनच्या नावाने नको. एका प्रतीवर तारीख-वेळेसह इनवर्डचा शिक्का घ्या. शिक्का द्यायला नकार मिळाला तर तोच अर्ज रुग्णालयाच्या अधिकृत ईमेलवर आणि स्पीड पोस्टने पाठवा, स्पीड पोस्टची पावती जपा.

अर्जात रुग्णाचं नाव, युएचआयडी (रुग्णालयाने दिलेला रुग्ण क्रमांक), आयपीडी नंबर (दाखल झाल्याचा क्रमांक), दाखल आणि डिस्चार्जची तारीख. मग काय हवं ते नावानिशी. 'पूर्ण फाइल' लिहिलं की डिस्चार्ज समरी आणि चार रिपोर्ट हातात पडतात. म्हणून असं लिहा: दाखल करतानाची तपासणी नोंद, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग नोट्स, औषधांचा तक्ता, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट, सर्व संमतीपत्रं, इतर तज्ज्ञांच्या रेफरन्स नोट्स, तपासण्यांचे अहवाल, डिस्चार्ज समरी, बिलाचा तपशील आणि विमा कंपनीला पाठवलेल्या कागदांच्या प्रती. हा शेवटचा मुद्दा विसरू नका, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. सोबत बहिणीच्या ओळखपत्राची प्रत. तुम्ही जाणार असाल तर तिच्या सहीचं अधिकारपत्र आणि तुमचंही ओळखपत्र.

प्रती घेताना पानांवर क्रमांक आणि 'सत्यप्रत' शिक्का आहे का ते काउंटरवरच बघा. सुटी झेरॉक्स पुढे कुठेही दाखवली की 'ही आमची नव्हेच' असं म्हणायला वाव राहतो. झेरॉक्सचा वाजवी खर्च ते घेऊ शकतात, पण 'आधी डॉक्टरांची परवानगी आणा' ही अट विनियमांत नाही. फाइल विम्याच्या कामासाठी बिलिंगमध्ये अडकली आहे हे कारण बऱ्याचदा खरंही असतं, पण ती त्यांची अंतर्गत अडचण.

मानसोपचाराच्या फाइलमध्ये एक फरक आहे, तो कायद्याची जाणकार मंडळी नीट सांगतील.

सरकारी किंवा महापालिकेचं रुग्णालय असतं तर याच अर्जाबरोबर माहिती अधिकाराचा अर्जही टाका असं सांगितलं असतं. १० रुपये शुल्क, उत्तराला ३० दिवस. खाजगी रुग्णालयाला तो थेट लागू नाही.

---

क्लेम_टेबल

एचआरला कसं कळलं, याचा अंदाज बांधायला फार हुशारी लागत नाही. कॅशलेसचा प्री-ऑथ म्हणजे पूर्वमंजुरीचा फॉर्म भरताना रुग्णालयाचा विमा डेस्क त्यात संभाव्य निदान आणि आयसीडी-१० कोड (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला क्रमांक) लिहितो. नैराश्याचा कोड 'एफ ३२' किंवा 'एफ ३३' ने सुरू होतो. हा फॉर्म टीपीएकडे जातो, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे. तिथवर ठीक आहे. निदान कळल्याशिवाय क्लेम मंजूर होत नाही आणि फॉर्मवर रुग्णाची सहीही असते.

पुढे ग्रुप पॉलिसीत कंपनी, ब्रोकर आणि टीपीए यांच्यात ठरावीक काळाने 'क्लेम एमआयएस' नावाची एक्सेल फाइल फिरते. पुढच्या वर्षीचा प्रीमियम ठरवायला तिचा उपयोग होतो. तीत कर्मचारी क्रमांक, नाव, नातं, रुग्णालय, रक्कम आणि बरेचदा निदान असे रकाने असतात. प्रीमियम ठरवायला एकूण आकडे आणि आजारांचे गट पुरतात, नावं लागत नाहीत. पण फाइल जशी येते तशी पुढे ढकलली जाते. दुसरी वाट ईमेलची. प्री-ऑथ अडकला की कर्मचारी घाईत एचआरला कागद पाठवतो, मग त्या एकाच मेलसाखळीत एचआर, ब्रोकर आणि टीपीए मिळून आठ-दहा माणसं असतात. तिसरी वाट म्हणजे पोर्टलवरचं एचआरचं लॉगिन, ज्यातून क्लेमची स्थिती तपशिलासकट दिसते.

म्हणून आधी शोध, मग तक्रार. बहिणीने कंपनीच्या मेलवरून नव्हे, स्वतःच्या खाजगी मेलवरून टीपीएच्या आणि विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला विचारावं: 'माझ्या अमुक क्रमांकाच्या क्लेममधली निदानाची माहिती कोणत्या तारखेला, कोणाला, कोणत्या स्वरूपात दिली?' आरोप करू नका, प्रश्न विचारा. आरोप केला की उत्तर विधी विभागाकडून येतं आणि त्यात काहीच नसतं.

एचआर प्रमुखांना वेगळं पत्र. त्यात मागणी एवढीच की पुढच्या एमआयएसमधून निदानाचा रकाना किंवा नाव यातलं एक काढावं, आणि एचआर लॉगिनला फक्त 'मंजूर, नामंजूर, प्रलंबित' एवढंच दिसावं. हे टीपीएच्या बाजूने सेटिंगचं काम आहे, पॉलिसी बदलावी लागत नाही.

यापुढे काय टाळायचं, तेही. पुढचा क्लेम, विशेषतः डिस्चार्जनंतरच्या औषधांच्या बिलांचा, थेट टीपीएच्या ॲपवर स्वतः अपलोड करायचा. कंपनीत येणाऱ्या टीपीए प्रतिनिधीच्या टेबलावर उघडी फाइल ठेवायची नाही. रजेसाठी डॉक्टरांकडून वेगळं प्रमाणपत्र घ्यायचं: अमुक ते अमुक तारखेपर्यंत उपचार आणि विश्रांतीची गरज होती, आता कामावर रुजू होण्यास योग्य. रुग्णाने सांगितलं तर निदान न लिहिता बरेच डॉक्टर असं देतात. डिस्चार्ज समरीच रजेला जोडणं ही सगळ्यात सामान्य चूक. तीत घरगुती कलहापासून दारूच्या सवयीपर्यंत सगळा इतिहास लिहिलेला असतो.

विमा कंपनीपासून मात्र काही लपवायला जाऊ नका. उद्या तिने स्वतःची वैयक्तिक पॉलिसी घेतली आणि प्रस्ताव अर्जात हा आजार लिहिला नाही, तर पहिले ६० महिने तो लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारला जाऊ शकतो. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायचं हे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ मध्येच आहे, त्यामुळे लिहिलं म्हणून सरसकट दार बंद होत नाही.

---

सह्याद्री_११

एवढी पत्रापत्री कशाला? नवा डेटा संरक्षण कायदा आलाय, २५० कोटींपर्यंत दंड आहे. सरळ डेटा प्रोटेक्शन बोर्डाकडे तक्रार ठोका, कंपनी, लॅब, हॉस्पिटल सगळे एका फटक्यात.

---

वकीलकट्टा

सह्याद्री, थोडं थांबा. कायदा ऑगस्ट २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. पण संमती, सुरक्षा, माहिती फुटल्याचं कळवणं, आपली माहिती मागण्याचा हक्क, या मुख्य तरतुदी नियम निघाल्यापासून १८ महिन्यांनी लागू होतात, म्हणजे मे २०२७ मध्ये. त्याआधी घडलेल्या गोष्टीसाठी त्या कायद्याखाली कोणाला धरता येणार नाही. आणि तो २५० कोटींचा आकडा ही कमाल मर्यादा आहे. दंड सरकारच्या एकत्रित निधीत जमा होतो, ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला रुपयाही मिळत नाही.

तोपर्यंत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३अ आणि २०११ चे संवेदनशील माहितीचे नियम उभे आहेत. शारीरिक-मानसिक आरोग्याची स्थिती आणि वैद्यकीय नोंदी त्यांत थेट 'संवेदनशील' म्हणून नोंदल्या आहेत. कंपनी, लॅब, टीपीए यांनी तक्रार अधिकारी नेमायचा असतो, त्याने महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. निष्काळजीपणामुळे नुकसान झालं तर भरपाईचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो, ५ कोटींपर्यंत. यात रुग्णाला भरपाई मागता येते, हे विसरू नका. नवा कायदा पूर्ण लागू झाला की हे ४३अ जाणार आहे.

आता केतकीताईंच्या बहिणीचं. तिच्या बाबतीत सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. कलम २३ प्रमाणे तिचा मानसिक आरोग्याचा तपशील, उपचार आणि शारीरिक आरोग्यसुद्धा गोपनीय ठेवण्याचा तिला हक्क आहे आणि उपचार करणाऱ्या सगळ्यांवर तसं बंधन आहे. अपवाद मोजके आहेत: नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचारांत आपल्या मदतीला रुग्णाने लेखी नेमलेली व्यक्ती), उपचारासाठी गरज असलेले इतर तज्ज्ञ, दुसऱ्या व्यक्तीला इजा किंवा कोणाच्या जिवाला धोका टाळण्यापुरती माहिती, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाचा किंवा न्यायालयाचा आदेश, सार्वजनिक सुरक्षा. या यादीत मालक नाही, एचआर नाही, स्थळाकडचे तर नाहीतच.

बाबांचं काय? इथे बारकावा आहे. सज्ञान रुग्णाचे वडील म्हणून आपोआप फाइल बघण्याचा हक्क नाही. पण रुग्णाने कोणालाच नामनिर्देशित केलं नसेल तर कलम १४ च्या क्रमानुसार नातेवाईक प्रतिनिधी मानला जाऊ शकतो, आणि प्रतिनिधीला त्याच्या कामापुरती माहिती देता येते. म्हणून बहिणीने आत्ताच, बरी असताना, साध्या कागदावर लिहून सही करावी की माझी नामनिर्देशित प्रतिनिधी अमुक. स्टॅम्प पेपर लागत नाही. ज्याला नेमलं ती व्यक्ती सज्ञान हवी आणि तिने लेखी संमती द्यायला हवी. हा कागद मानसोपचारतज्ज्ञांच्या फाइलला लावून पोच घ्या. नाव केव्हाही बदलता येतं.

नोंदकक्ष यांनी फरकाचा उल्लेख केला, तो असा. कलम २५ नुसार मानसिक आजाराच्या रुग्णालाही स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क आहे. पण एखादी विशिष्ट माहिती कळल्याने रुग्णाला गंभीर मानसिक इजा होईल किंवा इतरांना धोका संभवतो, असं डॉक्टरांना वाटलं तर तेवढी माहिती ते रोखू शकतात. रोखली तर तसं सांगावं लागतं, आणि मंडळाकडे दाद मागता येते हेही त्यांनीच सांगायचं असतं. संपूर्ण फाइल अडवायला हे कलम वापरता येत नाही. २०१८ च्या नियमांत या नोंदींसाठी 'फॉर्म ए' आहे आणि मुदत १५ दिवसांची. माझा सल्ला, साधा अर्ज आणि फॉर्म ए दोन्ही एकाच वेळी द्या. नाहीतर ७२ तास उलटल्यावर 'तुम्ही विहित नमुन्यात मागितलंच नव्हतं' हे ऐकायला मिळेल.

स्थळाचा मुद्दा. डॉक्टरांपुरतं २००२ च्या विनियमांचं कलम ७.१४ आहे. रुग्णाचं गुपित तीनच परिस्थितींत उघड करता येतं: न्यायाधीशांच्या आदेशाने न्यायालयात, एखाद्या ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका असेल तर, आणि कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांत. यावर लोक हमखास १९९८ चा 'मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड' हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे करतात. तिथे एचआयव्हीची माहिती उघड झाल्याने लग्न मोडलं होतं आणि न्यायालयाने रुग्णालयाला दोषी धरलं नाही. पण त्यामागे वाग्दत्त वधूला संसर्गाचा थेट धोका हे कारण होतं. नैराश्याला तो तर्क लागू होत नाही. आणि २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवल्यानंतर तर ओळखीतल्या कर्मचाऱ्याने फाइल उघडणं कशातच बसवता येणार नाही.

मात्र हेही स्पष्ट सांगतो. रुग्णालयाने गप्प बसायचं, याचा अर्थ होणाऱ्या जोडीदारापासून लपवणं कायद्याने सुरक्षित आहे असा नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली महत्त्वाची बाब लपवून संमती मिळवली, म्हणून विवाह रद्द करण्याचा दावा होऊ शकतो. कोणाला, कधी, किती सांगायचं हे बहिणीने ठरवायचं. ते तिच्या तोंडून जावं, ओळखीच्या वॉर्डबॉयच्या नव्हे.

---

केतकी_बन

फार उपयोगी. दोन उपप्रश्न. त्या नातेवाइकाने अजून काही केलेलं नाही, तर आधीच रुग्णालयाला कळवता येतं का? आणि पोलीस किंवा कोर्ट आलं तर?

---

नोंदकक्ष

येतं, आणि कळवाच. माहिती फुटल्यानंतरच्या तक्रारीपेक्षा आधीचं पत्र जास्त काम करतं. वैद्यकीय अधीक्षकांना लिहा: 'माझ्या नोंदी माझ्या किंवा माझ्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या लेखी संमतीशिवाय कोणालाही दाखवू नयेत. माझी इलेक्ट्रॉनिक फाइल डिस्चार्जनंतर कोणकोणत्या लॉगिनवरून उघडली गेली त्याची यादी जपून ठेवावी.' रुग्णालयाची संगणक प्रणाली बऱ्यापैकी असेल तर फाइल कोणी, केव्हा उघडली याचा लॉग असतो. काही प्रणालींत मानसोपचार किंवा व्हीआयपी फाइलला वेगळं कुलूप लावता येतं, तेही मागा. कर्मचाऱ्यांना लॉगिन दिसतं हे कळलं की ओळखीतल्या चौकश्या आपोआप आटतात.

खरी गळती अनेकदा कागदी असते. एकच लॉगिन पाच जणांत वाटलेलं, वॉर्डमध्ये निदानासकट नावांचा फळा, बिलिंग काउंटरवर मोठ्याने विचारलेला विभाग, फाइलचा फोटो काढून स्टाफच्या ग्रुपवर टाकलेला. फोटोवरून आठवलं, मानसोपचार घेणाऱ्या रुग्णाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायला मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २४ मनाई करतं.

---

वकीलकट्टा

पोलीस: तोंडी किंवा फोनवरून मागितलं म्हणून द्यायचं नसतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली ठाणे प्रभारी लेखी आदेश देऊन कागद मागवू शकतात, तेव्हा रुग्णालय तेवढेच कागद देतं. न्यायालयात आपल्याकडे वकील-अशील संवादासारखं डॉक्टर-रुग्ण संवादाला खास संरक्षण नाही. न्यायाधीशांनी सांगितलं तर डॉक्टरांना बोलावंच लागतं. वैवाहिक दाव्यात न्यायालय वैद्यकीय तपासणीचाही आदेश देऊ शकतं, शारदा विरुद्ध धर्मपाल, २००३. पण तो आदेश न्यायालयाचा लागतो, सासरच्या वकिलाची नोटीस पुरत नाही.

तक्रार कुठे, याचा क्रम. रुग्णालयाविरुद्ध आधी वैद्यकीय अधीक्षक, मग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, त्यानंतर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण, हा मार्ग मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २८ ने दिला आहे. त्याच कायद्याच्या कलम १०८ खाली पहिल्या उल्लंघनाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच्या जोडीला स्थानिक पर्यवेक्षी प्राधिकरण, पुणे शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे आणि गोपनीयता त्या हक्कांत येते. जाल तेव्हा सनद लावली आहे की नाही त्याचा फोटो काढून ठेवा.

डॉक्टरने स्वतः माहिती फोडली असेल तरच महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. ही परिषद फक्त ॲलोपॅथीच्या नोंदणीकृत डॉक्टरांवर कारवाई करू शकते. होमिओपॅथी आणि आयुर्वेदाच्या परिषदा वेगळ्या, परिचारिकांची वेगळी. वॉर्डबॉय किंवा बिलिंग क्लार्कविरुद्ध मेडिकल कौन्सिलकडे केलेली तक्रार पहिल्याच पानावर परत येते, लोकांचे कित्येक महिने इथे वाया जातात. कर्मचाऱ्याच्या कृत्याला रुग्णालय जबाबदार, म्हणून भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. मुदत २ वर्षं, मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दाखल करता येतं.

पुरावा जपा. व्हॉट्सॲप संदेश पुढे पाठवून मूळ पुसू नका. मूळ फोन, संदेशाची तारीख-वेळ आणि नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा, आणि दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. एचआरने तोंडी विचारलं असेल तर त्याच दिवशी 'आज आपण माझ्या अमुक आजाराबद्दल विचारलंत, ही माहिती आपल्याला कुठून मिळाली?' असा एक मेल करून ठेवलेला बरा. उत्तर नाही आलं तरी नोंद होते.

---

आभा_मदत

लॅब आणि आभाबद्दल.

लॅबच्या प्रणालीत मोबाइल नंबर हीच किल्ली असते. एका नंबरखाली चार माणसं नोंदली की त्या नंबरवर ओटीपी घेणाऱ्याला चौघांचे जुने रिपोर्टही दिसतात. म्हणून 'पुढचा रिपोर्ट माझ्या नंबरवर पाठवा' एवढं सांगून भागत नाही. सांगायचं असं: माझी नोंद जुन्या नंबरपासून तोडून नव्या नंबरवर स्वतंत्र नोंदवा, जुन्या नंबरवर पाठवलेल्या लिंक बंद करा, पीडीएफला पासवर्ड लावा. आणि रिपोर्टवर ज्या डॉक्टरांचं नाव संदर्भ म्हणून छापलं जातं त्यांनाही आपोआप प्रत जाते का, ते विचारा. घरून रक्त न्यायला येणाऱ्याकडच्या फॉर्मवर नंबर पुन्हा हाताने लिहिला जातो आणि तिथे जुनाच येतो, त्यामुळे दर वेळी तपासायचं.

आभा १४ अंकी असतो आणि ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. काउंटरवर क्यूआर स्कॅन केल्याने नाव, वय, पत्ता अशी ओळखीची माहिती जाते, जुने रिपोर्ट जात नाहीत. रिपोर्ट दिसायला दोन वेगळ्या पायऱ्या लागतात: रुग्णालयाने तुमची नोंद आभाशी जोडणं, आणि दुसऱ्या संस्थेने मागितल्यावर तुम्ही ॲपमध्ये संमती देणं. त्या संमतीत उद्देश, कोणत्या प्रकारचे कागद, कोणत्या काळातले आणि संमती कधी संपणार हे सगळं असतं. घाईत 'मंजूर' दाबताना लोक तारखांची मर्यादा बदलत नाहीत, आणि दाताच्या डॉक्टरला पाच वर्षांची फाइल उघडी होते. बहिणीने ॲपमध्ये जोडलेल्या संस्था आणि दिलेल्या संमती बघाव्या, चालू संमती तिथेच रद्द करता येते. एचआर किंवा विमा कंपनीला आभा क्रमांक नुसता माहीत असल्याने काही दिसत नाही.

---

वकीलकट्टा

धागा इतरांच्याही कामी येईल म्हणून दोन-तीन आजारांचं थोडक्यात, कारण प्रत्येकाचा कायदा निराळा.

एचआयव्ही: २०१७ चा स्वतंत्र कायदा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. लेखी संमतीशिवाय स्थिती उघड करता येत नाही, चाचणीलाही माहितीपूर्वक संमती लागते. जोडीदाराला कळवण्याची मुभा फक्त डॉक्टर किंवा समुपदेशकाला, तीही कायद्यातल्या अटी पाळून. नोकरीसाठी ही चाचणी सक्तीची करता येत नाही.

गर्भपात: वैद्यकीय गर्भपात कायद्याच्या कलम ५अ नुसार स्त्रीचं नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची सही मागणारा फॉर्म कायद्याचा नाही, रुग्णालयाच्या सोयीचा आहे. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत पोक्सोखाली (बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक असलं तरी तिने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने तिची ओळख देण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात म्हटलं आहे.

क्षयरोग: इथे उलट. २०१२ पासून खाजगी डॉक्टरनेही सरकारला कळवायचं असतं. निक्षय या सरकारी क्षयरोग पोर्टलवर नोंद झाली म्हणून गोपनीयता भंगली, अशी तक्रार टिकणार नाही. त्या नोंदीवरून कोणी सोसायटीत बोभाटा केला तर ती वेगळी गोष्ट.

---

क्लेम_टेबल

एक राहिलं. कंपनीच्या वार्षिक आरोग्य तपासणीचा रिपोर्ट बऱ्याच ठिकाणी लॅबकडून थेट एचआरला एकगठ्ठा जातो. तपासणीच्या आधीच्या संमती फॉर्ममध्ये 'अहवाल नियोक्त्यास द्यावा' अशी ओळ असते. ती खोडून 'फक्त योग्य/अयोग्य एवढाच निष्कर्ष कळवावा' असं हाताने लिहून शेजारी सही करायची. आणि औषधांच्या रकान्यात काय लिहायचं ते बहिणीने आधी कंपनीच्या डॉक्टरांशी एकट्याने बोलून ठरवावं, एचआरच्या टेबलावर बसून तो फॉर्म भरू नये.